विहिरीचा डब्बर आणि चंद्रावरचा ससा

पैनगंगाकाठ

कोजागरीला आमच्या गच्चीवर दूध आटत होतं. भुलाबाईची गाणी आटोपून, खिरापत ओळखून पोरी आपापल्या घरी गेल्या होत्या. सातवीतली पुतणी तेवढी थांबली होती. चंद्राकडे बघत तिनं विचारलं, "काका, तो ससा कशाचा आहे?" मी म्हटलं, उद्या सकाळी वावरात चल, हातात देतो.

उन्हाळ्यात आम्ही विहीर पंधरा फूट खोल केली. निघालेला डब्बर अजून धुऱ्यावर पडून आहे. त्यातला एक काळा, ठसठशीत तुकडा फोडून तिला दिला आणि म्हटलं, ससा याच जातीच्या दगडाचा आहे. त्या वाक्यात खरं किती आणि ढिलं किती, ते नीट मांडावं म्हणून हा धागा काढतोय. मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलं, मग गावी परतलो. आता शेती आहे आणि शाळा आहे. पण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेल्या दगडांच्या काचपट्ट्या अजून डोळ्यांपुढून हलत नाहीत.

चंद्राच्या तोंडावरचे काळे भाग म्हणजे थिजलेल्या लाव्हाची मैदानं. दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काळात ती पाण्याची वाटली, म्हणून त्यांना अजून सागर म्हणतात. चंद्राचा साधारण १७ टक्के पृष्ठभाग त्यांनी व्यापला आहे आणि त्यातला बहुतेक आपल्याकडे तोंड केलेल्या बाजूला आहे. अपोलो ११ चे यात्री २० जुलै १९६९ ला शांतिसागरात उतरले. त्यांनी आणलेले दगड कागदाहून पातळ घासून बघितले तेव्हा त्यात मुख्यतः प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिन ही खनिजं दिसली, काहींत थोडं ऑलिव्हिन. आपल्या धुऱ्यावरच्या दगडाचं घरही याच खनिजांनी बांधलेलं आहे. भिंगातून पाहिलं तर काळ्यात बारीक पांढुरक्या काड्या चमकतात, ते प्लॅजिओक्लेज. दोन्हीकडे बेसाल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड. इथवर पुतणीला सांगितलेलं खरं होतं.

फरक पुढे सुरू होतो, आणि मला त्याचंच जास्त वेड आहे.

पहिला फरक टायटॅनियमचा. आपल्या दख्खनच्या बेसाल्टात टायटॅनियम ऑक्साइड साधारण २ ते ३ टक्के असतं. शांतिसागराच्या बेसाल्टात ते १० टक्क्यांच्या वर जातं. ते राहतं मुख्यतः इल्मेनाइट या काळ्या खनिजात, म्हणजे लोह आणि टायटॅनियमच्या ऑक्साइडमध्ये. त्या दगडांत तोवर कुणी न पाहिलेलं एक टायटॅनियमचं खनिजही सापडलं. आर्मस्ट्राँग, आल्ड्रिन आणि कॉलिन्स यांच्या आडनावांची सुरुवातीची अक्षरं जोडून त्याचं नाव आर्माल्कोलाइट ठेवलं. ट्रँक्विलिटाइट नावाचं दुसरं खनिज शांतिसागराच्या नावानं ओळखलं जातं. ते फक्त चंद्राचंच, असं चाळीस वर्षं मानलं गेलं. २०११ मध्ये ते पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जुन्या खडकांतही मिळालं.

दुसरा फरक पाण्याचा आणि ऑक्सिजनचा. आपल्या दगडातलं काही लोह गंजलेल्या अवस्थेत असतं. त्यातूनच मॅग्नेटाइट बनतं. चंद्रावरच्या शिलारसात ऑक्सिजन इतका कमी होता की लोहाला ती अवस्था जवळजवळ आलीच नाही. उलट निव्वळ धातूच्या रूपातले लोखंडाचे बारीक कण त्या दगडात सुटे सापडतात. आपल्याकडे दगडात असं सुटं लोखंड मिळणं ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. ट्रॉइलाइट नावाचं लोह-गंधकाचं खनिज पण तिथं नेहमीचं. आणि ज्यांना पाणी लागतं ती खनिजं नाहीतच: अभ्रक नाही, चिकणमातीची खनिजं नाहीत, झिओलाइट नाही.

आणि मला सगळ्यात जास्त हलवून टाकणारी गोष्ट ही. आपला दगड ६.६ कोटी वर्षांचा. काचपट्टीत त्याच्या ऑलिव्हिनच्या कडा तांबूस-तपकिरी झालेल्या दिसतात, स्फटिकांच्या मधली थिजलेली काच मातकट झालेली असते. अपोलो १५ चा बेसाल्ट ३३० कोटी वर्षांचा, आपल्याहून पन्नास पट जुना. त्याचं ऑलिव्हिन आरशासारखं स्वच्छ! कॉलेजात असताना त्याचं रंगीत छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पान उलटलं नव्हतं.

---

गिट्टीखदान

दादा, मी खदानीवर सोळा वर्षं काढली, म्हणून इचारतो. आमच्याकडं वरचा थर भोकाभोकांचा निघते, त्याले गिऱ्हाईक नाई. खाली गेलं की घट्ट, निळसर काळा लागते, त्याची गिट्टी चांगली होते. चंद्रावर बी असे दोन प्रकार हायेत का? आन् वजनाले तो दगड कसा असन?

पैनगंगाकाठ

भाऊ, तुमचं निरीक्षण अगदी पुस्तकातलं आहे. लाव्हाच्या प्रवाहात वायू वर चढतो आणि वरच्या भागात बुडबुडे अडकतात, खाली दगड घट्ट होतो. चंद्रावरही तसंच. अपोलो १५ च्या एका दगडाला 'सीटबेल्ट बेसाल्ट' म्हणतात. यात्री डेव्हिड स्कॉटला चांद्रगाडीवरून जाताना तो भोकाभोकांचा दगड दिसला. थांबायला नियंत्रण कक्षाची परवानगी मिळाली नसती, म्हणून सीटबेल्ट नीट करतोय असं सांगून त्यानं गाडी थांबवली, दगड उचलला आणि पुढे गेला. तुमच्या खदानीत टाकून देतात तसाच दिसतो तो.

पण तिथली भोकं रिकामी आहेत. तुमच्या दगडाची बऱ्याचदा भरलेली असतात, बघा, पांढरी, कधी गुलाबी, मोरपिसासारखी पसरलेली. ते झिओलाइट. लाव्हा थिजल्यावर लाखो वर्षं त्यातून पाणी झिरपलं आणि भोकांत ही खनिजं साकळली. चंद्रावर झिरपायला पाणीच नव्हतं. ते बुडबुडे बहुधा कार्बन मोनॉक्साइडचे होते, वायू निघून गेला आणि पोकळी तशीच राहिली.

वजन: आपला घट्ट बेसाल्ट पाण्याच्या साधारण २.९ पट जड. चंद्राचा घट्ट बेसाल्ट ३.३ च्या आसपास, कारण त्यात लोह जास्त. लोह ऑक्साइड तिथं १८ ते २२ टक्के असतं, आपल्याकडे १२-१३. तुमच्या हातानं उचलला तर इथं नक्की जाणवेल. तिथं उचलला तर सहावा हिस्साच लागेल.

गिट्टीखदान

रिकामी भोकं. हे मी ध्यानात ठेवीन. आमच्याकडं पोरं ते पांढरे खडे वेचून घरी नेतात.

---

पऱ्हाटी

गुरुजी, मले एकच सांगा. आमची काळी जमीन याच दगडाची झाली ना? मंग चंद्रावर काळी माती काऊन नाई झाली? तिथं तर ३०० कोटी वर्षं होती.

पैनगंगाकाठ

काका, माझ्या मनातलाच प्रश्न विचारलात.

काळी माती होण्यासाठी बेसाल्ट पुरत नाही. पाणी लागतं, हवा लागते, उन्हाळा-पावसाळा लागतो. पाणी प्लॅजिओक्लेज आणि पायरॉक्सिनला हळूहळू सोडवतं आणि त्यातून माँटमोरिलोनाइट गटाची चिकणमाती तयार होते. तिचे पापुद्रे पाणी आत घेऊन फुगतात, वाळले की आक्रसतात. मे महिन्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात जमीन पुन्हा मिटते, ते यामुळे. भेगांतून वरची माती खाली पडते आणि जमीन जणू स्वतःच स्वतःची नांगरणी करते.

चंद्रावर दगड कुजत नाही, फक्त फुटतो. लहान-मोठ्या उल्का अब्जावधी वर्षं आदळत राहिल्या, त्यातून भुगा झाला. त्या भुग्यात वितळून थिजलेल्या काचेचे दातेरी तुकडे आहेत. यात्रींच्या पोशाखांना आणि उपकरणांना ती धूळ चिकटून बसायची. त्याच्यात चिकणमातीचा कण नाही, सेंद्रिय काही नाही. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात अपोलो ११, १२ आणि १७ च्या खऱ्या चांद्रमातीत मोहरीच्या कुळातली एक छोटी वनस्पती रुजवून पाहिली. उगवली, पण खुंटलेली, ताणाखालची. वरून पाणी आणि खत दिलं होतं, हे लक्षात घ्या.

पऱ्हाटी

उगवली तरी. बी जबरदस्त राहते.

---

लोणारची_लेक

सर, धागा फार आवडला. मी भूशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, घर लोणारजवळ. एका ठिकाणी मात्र थांबवते. चंद्रावरचा प्रत्येक काळा, वितळून थिजलेला दगड ज्वालामुखीचा नसतो, हे लिहायला हवं होतं. उल्का आदळली की खडक वितळतो, आणि तो वितळ थिजला की दिसायला बेसाल्टसारखाच दिसू शकतो. चांद्रशिलांच्या अभ्यासात ही पहिली पायरी आहे.

ओळखायचं कसं? आघातातून आलेल्या वितळात न वितळलेले खडकांचे, खनिजांचे तुकडे बऱ्याचदा अडकलेले असतात. उल्केतून आलेलं निकेल, इरिडियम, सोनं अशा मूलद्रव्यांचं प्रमाण वाढलेलं असतं. खऱ्या लाव्हात ती फार कमी, कारण चंद्राच्या पोटातल्या खडकांत ती मुळातच थोडी आहेत.

आमचं विवर इथंच उपयोगी पडतं. लोणार १.८ किलोमीटर व्यासाचं, बेसाल्टात पडलेलं आघातविवर आहे. पृथ्वीवर इतकं चांगलं टिकलेलं, बेसाल्टातलं विवर दुसरं सहज दाखवता येत नाही. म्हणून चंद्रावरच्या विवरांशी ताडून बघायला जगभरचे अभ्यासक आमच्या गावात येतात. इथल्या दगडात मॅस्केलिनाइट मिळतं. म्हणजे प्लॅजिओक्लेजच, पण धक्क्यानं आतून काच झालेलं. बाहेरचा आकार स्फटिकाचा तसाच, आत स्फटिक उरलेला नाही. हे खनिज पहिल्यांदा ओळखलं गेलं ते बिहारमध्ये शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या उल्केत. ती मंगळावरची. चंद्राच्या आघात झालेल्या दगडांतही मॅस्केलिनाइट सापडतं. विवराच्या काठावर बसले की मला लोणार, मंगळ आणि चंद्र हे तिन्ही एका ओळीत दिसतात.

पैनगंगाकाठ

ताई, दुरुस्ती शंभर टक्के मान्य. मी सागरातल्या बेसाल्टाबद्दलच बोलत होतो, पण तसं लिहिलं नाही. सगळ्यांनी हा प्रतिसाद मूळ लेखाचा भाग समजून वाचावा.

---

वैनगंगा_पल्याड

नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातला, आमगावकडचा. आमच्याकडे तुमचा काळा पाषाण नाही. पट्ट्यापट्ट्यांचा, पांढरट-गुलाबी, नाइस नावाचा दगड आहे. मग चंद्रावर आमचा दगड कुठे?

पैनगंगाकाठ

तुमचा दगड आमच्यापेक्षा कितीतरी जुना, दादा. पण त्यात क्वार्ट्झ आणि पोटॅशियमचं फेल्डस्पार भरपूर, आणि तसे ग्रॅनाइटी खडक चंद्रावर तुकड्यातुकड्यांनीच मिळाले आहेत. पोटात पुरेसं पाणी नसेल तर ग्रॅनाइट एवढ्या प्रमाणात तयार होणं अवघड.

चंद्राचा जो पांढरा भाग आपण बघतो तो ॲनॉर्थोसाइट, म्हणजे जवळपास निव्वळ कॅल्शियमयुक्त प्लॅजिओक्लेज. चंद्र तयार झाला तेव्हा त्याचा वरचा मोठा भाग वितळलेला होता, असं आज मानतात. त्या शिलारसाच्या महासागरात जड ऑलिव्हिन आणि पायरॉक्सिन खाली बसलं, हलकं प्लॅजिओक्लेज दुधावरच्या सायीसारखं वर आलं. ती साय म्हणजे पांढरा चंद्र. चांद्रयान-३ उतरलं तिथं, दक्षिण ध्रुवाकडच्या भूभागात, प्रज्ञान रोव्हरनं २३ ठिकाणी माती मोजली आणि ती याच जातीची निघाली. २०२४ मध्ये त्याचा शोधनिबंध आला. इतक्या दूर दक्षिणेलाही तीच साय! उतरण्याच्या चाचण्यांसाठी इस्रोनं नकली चांद्रमाती बनवली, तिचा दगड तमिळनाडूतल्या सित्तमपुंडीचा, तोही ॲनॉर्थोसाइट.

आता गंमत इथं आहे: सागरांचा बेसाल्ट या सायीतून येत नाही. साय तयार होताना खाली बसलेला गाळ कोट्यवधी वर्षांनंतर किरणोत्सारी उष्णतेनं पुन्हा थोडा वितळला, आणि तो वितळ भेगांतून वर चढून आघातांनी पडलेल्या मोठ्या खड्ड्यांत भरला. शिलारसाचा महासागर थिजताना इल्मेनाइट उशिरा बनलं, त्याचा थर जिथं मिसळला तिथला लाव्हा टायटॅनियमनं श्रीमंत झाला. म्हणून शांतिसागरात ते इतकं आणि अपोलो १५ च्या बेसाल्टात दोन-अडीच टक्केच.

---

मोर्णेची_रेती

तुम्ही म्हणता पाणी नव्हतं. मग चांद्रयान-१ नं पाणी शोधलं ते काय? आणि नारिंगी मातीचं पण काहीतरी वाचलंय.

लोणारची_लेक

सर, हे मी घेऊ का?

दादा, चांद्रयान-१ २२ ऑक्टोबर २००८ ला निघालं आणि त्यावरच्या खनिज-नकाशा करणाऱ्या उपकरणानं पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल आणि पाण्याच्या खुणा दाखवल्या. त्या मुख्यतः सौरवाऱ्यातल्या हायड्रोजननं पृष्ठभागावरच तयार झालेल्या. ते विहिरीत येतं तसं पाणी नव्हे.

नारिंगी माती वेगळी, आणि ती खरोखर ज्वालामुखीची. डिसेंबर १९७२, अपोलो १७. हॅरिसन श्मिट हा चंद्रावर गेलेला एकमेव प्रशिक्षित भूशास्त्रज्ञ. शॉर्टी नावाच्या विवराच्या काठावर त्याच्या पायानं धूळ उकरली गेली आणि खाली नारिंगी दिसली. ते काचेचे बारीक मणी. वायूच्या जोरानं लाव्हाचं कारंजं उडालं, थेंब हवेत, म्हणजे पोकळीत, थिजले. वय सुमारे ३६० कोटी वर्षं. अपोलो १५ ला असेच हिरवे मणी मिळाले, त्यात टायटॅनियम अगदी कमी. २००८ मध्ये अल्बेर्तो साल यांच्या गटानं असे मणी नव्या उपकरणानं तपासले आणि त्यात पाण्याचा अंश मोजला. २०११ मध्ये नारिंगी मण्यांतल्या ऑलिव्हिनच्या आत अडकलेले शिलारसाचे थेंब तपासले, त्यात तर पृथ्वीच्या सागरतळाच्या शिलारसाइतकं पाणी निघालं. स्फटिकाच्या भिंतीनं ते बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

तेव्हा 'पाणी अजिबात नव्हतं' हे १९७० च्या दशकातलं वाक्य आहे. आज म्हणायचं, फार थोडं होतं, आणि लाव्हा वर आल्यावर उडून गेलं.

पैनगंगाकाठ

ही दुसरी दुरुस्ती, ताई. मी जुन्या वहीतून लिहीत होतो. झिरपणारं पाणी नव्हतं, एवढंच माझं म्हणणं उरतं, आणि झिओलाइट, काळी माती यांच्यासाठी तेवढं पुरेसं आहे.

भारतातही या दगडांवर काम झालंय, ते सांगायचं राहिलं. अपोलोचे नमुने आले तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या स्फटिकांत विश्वकिरणांनी कोरलेल्या सूक्ष्म रेषा मोजल्या होत्या. दगड पृष्ठभागावर किती काळ उघडा पडला होता ते त्यावरून कळतं.

---

मोर्णेची_रेती

सगळे सागर एकाच वेळी भरले का?

पैनगंगाकाठ

नाही. अपोलो आणि सोव्हिएत लुना यानांनी आणलेले बेसाल्ट बहुतेक ३१० ते ३९० कोटी वर्षांचे, म्हणून बरेच दिवस वाटायचं की त्यानंतर चंद्र थंड पडला. डिसेंबर २०२० मध्ये चीनच्या चांग-अ ५ नं १,७३१ ग्रॅम नमुना आणला, तो बेसाल्ट निघाला २०० कोटी वर्षांचा. एवढा लहान गोळा इतका काळ आतून वितळण्याइतका ऊबदार कसा राहिला? किरणोत्सारी मूलद्रव्यं जास्त असतील असं आधी वाटलं, पण त्या बेसाल्टाच्या उगमात ती फारशी नव्हती, पाणीही जास्त नव्हतं. २०२४ मध्ये चांग-अ ६ नं पलीकडच्या बाजूचा नमुना पहिल्यांदा आणला, तिथला बेसाल्ट सुमारे २८० कोटी वर्षांचा.

माझ्या मते पुढच्या पिढीसाठी खरं काम इथं आहे. पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी आपण चंद्राचे मोजकेच कोपरे हातात घेतलेत.

---

गिट्टीखदान

दादा, अजून एक. आमच्याकडं दोन काळ्या थरांच्या मधी लाल मातीचा पट्टा लागते. खदानीत तो लागला की मशीन थांबवतो. तिथं बी असे थर असतीन का?

पैनगंगाकाठ

लाल बोल म्हणतात त्याला, भाऊ. एक प्रवाह थिजला, त्याचा वरचा भाग हवेत-पावसात कुजला, माती झाली, मग पुढच्या लाव्हानं ती झाकली. माझ्याही विहिरीत बेचाळीस फुटांवर हातभर जाडीचा पट्टा आहे.

चंद्रावर लाल काही नाही. पण थर आहेत. अपोलो १५ च्या वेळी, १९७१ मध्ये, स्कॉट आणि अर्विन हॅडली दरीच्या काठावर उभे होते. ती सुमारे दीड किलोमीटर रुंद आणि ३०० मीटरहून खोल, लाव्हानंच वाहून कोरलेली. पलीकडच्या भिंतीत त्यांना बेसाल्टचे थर एकावर एक रचलेले दिसले, त्याची छायाचित्रं आहेत. दोन प्रवाहांच्या मध्ये जर बराच काळ गेला असेल तर जुना चांद्रभुगा दबलेला असायला हवा. विहिरीच्या काठावरून खाली बघताना मला दरवेळी ती भिंत आठवते.

---

पैनगंगाकाठ

पुतणीचा प्रयोग झाला, तो नोंदवून ठेवतो. तिनं डब्बराचा तुकडा खलबत्त्यात कुटला, ओढणीतून चाळला आणि जुन्या स्पीकरचा लोहचुंबक कागदात गुंडाळून त्यावर फिरवला. काळ्या कणांची मिशी उभी राहिली. ते मॅग्नेटाइट. चंद्राचा भुगा असता तर चुंबकाला चिकटले असते ते मुख्यतः सुट्या लोखंडाचे कण, हे तिला सांगितलं. तिनं वहीत दोन रकाने आखून लिहून घेतलं.

तिचा पुढचा प्रश्न: मोबाइलमधल्या फोटोत सागरांचा रंग वेगवेगळा दिसतो का? दिसतो. पौर्णिमेचा फोटो घेऊन रंगाची तीव्रता बरीच वाढवा. शांतिसागर निळसर येतो आणि त्याला लागून असलेला प्रसन्नतेचा सागर तांबूस. निळसरपणा इल्मेनाइटमुळे. शक्य असेल त्यांनी येत्या पौर्णिमेला फोटो इथं टाका.

लोणारची_लेक

सर, आमच्या प्रयोगशाळेत मित्र काचपट्ट्या करतो. तुमचा डब्बर, गिट्टीखदान भाऊंच्या खदानीतला घट्ट आणि भोकाभोकांचा, आणि वैनगंगा दादांचा नाइस, चार तुकडे मिळाले तर करून देईल. मी दिवाळीला घरी येतेय.

वैनगंगा_पल्याड

माझा तुकडा एस.टी.नं पाठवतो. मेहकर डेपोला उतरवून घ्या.

गिट्टीखदान

मी सोता आणून देतो. पांढरे खडे असलेला बी आणू का?

पैनगंगाकाठ

आणा भाऊ, तो आधी आणा.